पायी आलेल्यांची वही

मी मोटारसायकल सोडली त्या वर्षी एका मुलीचं शिक्षण सुटलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. आता निवृत्त झालोय, कोणी माझं काही वाकडं करू शकत नाही, म्हणून सांगतोय. यात धाडस वगैरे काही नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता. आम्ही ठाणे जिल्ह्याच्या टोकाला होतो आणि टोकाला असलेल्यांची जेवढी आठवण ठेवतात तेवढीच आमची ठेवली जायची. मी ज्या कॉलेजात शिकवायचो ते दाभोशाकडून जव्हारला येणाऱ्या रस्त्यावर होतं. तीन खोल्या पक्क्या, बाकी पत्र्याच्या. पावसात पत्र्यावर असा मारा व्हायचा की मी काय शिकवतोय ते मलाही ऐकू यायचं नाही. पोरं जामसर, दाभोसा आणि मधल्या पाड्यांवरून यायची. भातनागलीची शेती करणाऱ्यांची पोरं. बऱ्याच घरांतलं कॉलेजात आलेलं ते पहिलंच माणूस.

जुलैत विद्यापीठाचं एक पत्रक आलं. विद्यार्थ्यांनी आणि कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या गाड्या कमी कराव्यात, चालावं, सायकल वापरावी, नाहीतर सगळ्यांच्या गाडीनं एकत्र यावं. प्रत्येक कॉलेजनं एक समन्वयक नेमावा आणि वर्षाच्या शेवटी अहवाल पाठवावा, असा त्याचा मतलब होता. ज्यानं ते लिहिलं त्याच्या डोळ्यांपुढे शहरातल्या कॉलेजांच्या दारातल्या गाड्यांच्या रांगा असणार. त्याला मी दोष देत नाही. आमच्या दारात गाड्या तीन. इतिहासाच्या सरांची स्कूटर, ग्रंथपालांची मोपेड आणि माझी मोटारसायकल. पोरं आधीपासूनच पायी नाहीतर जीपला लटकून येत होती. ज्यांच्या पाड्यावर सायकल चालवायला सपाट जागा नव्हती, त्यांना सायकलचं महत्त्व पटवायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मी नाही म्हणत नसे.

मी नाही का म्हणत नसे तेही सांगतो. माझी नोकरी कायम व्हायची होती. प्राचार्य म्हणाले होते की अहवाल चांगला झाला तर तुमच्या फाइलला लावून पाठवू. एवढं गाजर मला पुरेसं होतं.

मग मी कामाला लागलो. फाटकाजवळ शिपायाला खुर्ची दिली, एक जाड वही दिली आणि रकाने आखून दिले. पायी, सायकल, एसटी, जीप, स्वतःची गाडी. येणाऱ्या प्रत्येकाचा वर्ग, हजेरीचा नंबर आणि तो कसा आला ते लिहायचं. शिपाई आमचा भलता प्रामाणिक. न सांगता तो पुढे वेळही लिहायला लागला. या वहीनं काय काय चमत्कार केले म्हणता! प्राचार्य कॉलेजच्या आवारातच राहायचे, खोलीपासून कचेरीपर्यंत पन्नास पावलं. ते 'पायी'मध्ये गेले. इतिहासाचे सर स्कूटर चहाच्या टपरीमागे उभी करायचे आणि तिथून रुमाल हलवत चालत यायचे. तेही 'पायी'. ग्रंथपाल एवढ्या लबाड नव्हत्या, म्हणून 'स्वतःची गाडी' या रकान्यात वर्षभर त्या एकट्याच राहिल्या आणि मी त्यांच्याकडे जरा नाराजीनं बघायचो.

माझ्यापुरतं मी खरंच केलं. सगळ्या पोरांसमोर उभं राहून जाहीर केलं की उद्यापासून माझी मोटारसायकल घरी राहील, मी तुमच्यासारखा जीपनं येईन. टाळ्या पडल्या. आपण कोणीतरी आहोत असं मला त्या टाळ्यांत वाटलं. त्या संध्याकाळी गाडीवर प्लास्टिक टाकलं आणि दोरीनं बांधलं.

माझी बायको एका शाळेत शिक्षिका होती आणि आम्ही तिच्या शाळेजवळ, दाभोसा रस्त्यावरच्या एका फाट्यावर राहायचो. तिथून कॉलेज सात किलोमीटर. सकाळची जीप दाभोशाकडून भरून यायची. भरून म्हणजे मागे माणसावर माणूस, टपावर पोरं, मागच्या पायरीवर लटकलेले सात-आठ. पुढे ड्रायव्हरशेजारी बायका आणि मुली, कारण मुलगी मागे लटकत नाही आणि टपावर चढत नाही. पुढे चार माणसं कशीबशी मावायची. त्यानंतरची जीप दहाशिवाय निघायची नाही. एसटी एक उजाडताना जायची आणि दुसरी तिच्या मनात येईल तेव्हा.

आमच्याकडे एक रीत होती. गुरुजी, तलाठी, नर्सबाई, असं कोणी नोकरीतलं माणूस वाटेत हात करून उभं दिसलं की जीप थांबायची आणि पुढच्या सीटवरचं एक माणूस उतरायचं. ड्रायव्हर उतर म्हणत नसे. कोणी कोणाकडे बघतही नसे. सगळ्यांत लहान जो असेल, त्यातून बाईमाणूस असेल, तो आपला झोळी उचलून पलीकडच्या बाजूनं उतरायचा आणि चालायला लागायचा. साहेबाला सीट द्यायची म्हणजे द्यायची. त्याचे कोणाला उपकार वाटत नसत आणि कोणाला वाईटही वाटत नसे.

ही रीत मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. मी मोखाड्याकडचा, खोडाळ्याजवळच्या पाड्यातला. बाजाराच्या दिवशी बापाबरोबर जीपमध्ये बसलो की वाटेत कोणी पाटलोणवाला उभा दिसायचा आणि बाप मला कोपरानं ढोसायचा. मी उतरायचो. नऊ-दहा वर्षांचा असेन. जीप गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत थांबायचं आणि मग चालायचं, एवढं मला आपोआप कळलं होतं. राग आल्याचं आठवत नाही. तर असा मी उतरलेला माणूस, शिकलो, नोकरीला लागलो आणि चढताना खाली कोण उतरलं ते बघायचं साफ विसरलो.

रोज सकाळी मी फाट्यावर उभा राहायचो. जीप थोडी पुढे जाऊन थांबायची. मी चालत पोचेपर्यंत पुढची सीट माझ्यासाठी मोकळी असायची, आणि गरमही. पलीकडच्या बाजूला एक मुलगी पाठमोरी उभी दिसायची, पावसात डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली. मला वाटायचं, हिचं गाव इथलंच असेल, किंवा कोणी नातेवाईक असतील फाट्यावर. रोज एक मुलगी फाट्यावर नातेवाइकांकडे कशाला येईल, असा प्रश्न मला पडला नाही. मी ड्रायव्हरला हवापाण्याचं विचारायचो आणि मांडीवर पिशवी घेऊन ऐसपैस बसायचो. समोर रस्त्यानं पायी चाललेली पोरं दिसली की मला बरं वाटायचं. योजना चालली आहे, असं वाटायचं.

आमच्या कॉलेजात दिवसाची हजेरी एकदाच लागायची, पहिल्या तासाला. शाळेसारखं. बाकीचे सर हजेरीच्या भानगडीत पडत नसत. नऊचा पहिला तास माझा होता आणि शेवटच्या वर्षाच्या वर्गाचा मी वर्गशिक्षक होतो. वेळेच्या बाबतीत मी कडक आहे, असा माझा लौकिक होता आणि मला तो आवडायचा. हजेरी घेतली की दार आतून लावून घ्यायचो. उशिरा आलेल्यांनी तास संपेपर्यंत ओट्यावर बसायचं. त्यांचा दिवस गेला. पुढचे सगळे तास ते बसले तरी गेलेला दिवस परत मिळायचा नाही.

सतरा नंबरची मुलगी जूनभर वेळेवर होती. जुलैच्या मध्यापासून ती रोज उशिरा यायला लागली. पावसात चिखलानं पोटऱ्यांपर्यंत भरलेली, नंतर धुळीनं. एकदा हजेरी संपायला आणि ती दारात यायला एकच गाठ पडली. त्या दिवशी मीच उशिरा सुरू केलं होतं. मी विचारलं, स्वारी कुठून उगवली? ती म्हणाली, चालत आले सर. वर्ग हसेल असं मला वाटलं होतं, पण कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला त्याचा अर्थ कळला नाही. मी उलट खूश झालो. सगळ्यांना सांगितलं, बघा, ही चालत येते, हिचा आदर्श घ्या. मग तिच्याकडे वळून म्हणालो की चालत येणं फार चांगलं, पण चालणाऱ्यानं घरातून लवकर निघावं. आणि दार लावून घेतलं.

हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. टपावरची पोरं रोज तिला उतरताना बघत होती. शिपायाला माहीत होतं, ड्रायव्हरला तर होतंच. मला कोणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. सरांना सीट दिली, त्यात काय सांगायचं?

दिवाळीच्या सुटीत मी वहीवरून आकडे काढले. पायी येणाऱ्यांची संख्या वाढली होती. प्राचार्य, इतिहासाचे सर, आणि सतरा नंबर रोजच्या रोज. अहवालाचा पहिला भाग मी वळणदार अक्षरात लिहिला. प्राचार्यांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, तुम्ही स्वतः उदाहरण घालून दिलंत, हे वरच्यांना आवडेल.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या आधी हजेरी कमी असलेल्यांची यादी लागली. माझ्या वर्गातले तिघे. दोघं मुंबईकडे कामाला गेले होते ते फिरकलेच नव्हते. तिसरं नाव सतरा नंबरचं. यादी मीच केली, मीच सही केली, मीच डकवली. नियम असा होता की योग्य कारण दाखवलं तर प्राचार्य नाव काढू शकतात. प्राचार्य वाईट माणूस नव्हता. कागद दाखवा, मी सही करतो, असं ते दरवर्षी म्हणायचे आणि करायचेही.

दोन दिवसांनी दुपारी ती बापाला घेऊन आली. मी खोलीत एकटाच होतो. बाप दारातच चपला काढून आत आला आणि खुर्ची दाखवली तरी बसला नाही. मी सुरुवातच चढ्या आवाजात केली. मुलगी सात-आठ महिने उशिरा येते, तुमचं लक्ष कुठे असतं, एवढं शिकवायचं आणि शेवटच्या वर्षाला माती करायची, असं बरंच काही मी बोललो. तो ऐकून घेत होता. माझं बोलून झाल्यावर त्यानं मुलीची बाजू मांडली. तक्रार म्हणून मांडली नाही. तिचे गुण सांगावेत तसं सांगितलं.

"पोर गुणाची हाय, सर. रोज तुमाला सीट सोडते. मीच सांगितलेला तिला, सर दिसले का उतरायचा. आतापत्तूर एक दिवस चुकली नाय."

मला पहिल्यांदा वाटलं की हा मला टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमण्याचं नावही तिथे नव्हतं. मुलगी जमिनीकडे बघत होती. फाट्यावर रोज पाठमोरी उभी दिसायची ती हीच, हे मला तेव्हा कळलं. आणि त्याच क्षणी डोकं हिशेब करायला लागलं. प्राचार्यांना काय सांगायचं? सर मोटारसायकल सोडून जीपनं यायला लागले म्हणून मुलगी जीपमधून उतरून पायी यायला लागली आणि त्याच सरांनी तिला गैरहजर लावलं? मग त्या अहवालाचं काय? माझ्या फाइलचं काय? इतिहासाचे सर ही गोष्ट चहाच्या टपरीवर किती वर्षं सांगतील?

म्हणून मी मार्ग काढला. आवाज खाली आणला, मायेनं बोलायला लागलो. म्हटलं, असं करा, सरकारी दवाखान्यातून आजारी असल्याचा दाखला आणा. सकाळी ताप यायचा, अशक्तपणा होता, काहीही लिहून देतील. मी स्वतः प्राचार्यांकडे घेऊन जातो, नाव निघेल. बाप लगेच हो म्हणायला निघाला होता. सर सांगतात म्हणजे करायचं. तेवढ्यात मुलगी बोलली.

"मी आजारी नव्हते, सर. मी चालत होते."

मी म्हटलं, ते ठीक आहे, पण चालत होते याला पुरावा लागतो.

"तुमच्या वहीत हाय. रोजचा लिहलेला हाय, टायमासकट. ती वही मोठ्या सरांना दाखवा."

वही माझ्या टेबलाच्या खणात होती. खणावर माझा हात होता. तिच्यात प्रत्येक दिवसापुढे सतरा नंबर, पायी, आणि शिपायाच्या वेड्यावाकड्या अक्षरात वेळ होती. नऊ वाजून वीस, नऊ वाजून पंचवीस, पावसात साडेनऊ. मी तिला गैरहजर लावलेल्या दिवसांशी ते दिवस ताडून बघायचीही गरज नव्हती. एवढी एक वही उचलून समोरच्या खोलीत नेली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. प्राचार्य थोडे हसले असते, थोडे रागावले असते आणि सही केली असती. नोकरीही बहुधा गेली नसती. हे मला आज सुचलेलं नाही. त्याच वेळी, खणावर हात ठेवून उभा असताना, मला हे सगळं नीट दिसत होतं.

मी म्हणालो, वही अहवालाबरोबर विद्यापीठात गेली. आता काही करता येणार नाही.

मुलीनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला कळलं का? मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो की नाही कळलं. बापानं विश्वास ठेवला, हे मात्र नक्की. तो म्हणाला, बरं सर, तुमी केला असताच, हाती असता तर. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. पण पुढचं वर्ष नव्हतं हे त्याला माहीत होतं आणि मलाही. लग्नाचं बोलणं आलं होतं, परीक्षेपर्यंत थांबा म्हणून तिनंच ते अडवून धरलं होतं, असं तो जाताजाता बोलून गेला. बाप चपला घालेपर्यंत ती बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली, सकाळी उशिरा आल्यावर बसायची तिथेच.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही. तिच्या वर्गातली पोरं परीक्षेला बसली, पास झाली, काही शिक्षक झाली, काही कचेरीत चिकटली. त्यांतले काही मला भेटतात आणि वाकून नमस्कार करतात. तिचं काय झालं, हे मी त्यांना विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. म्हणून तिला शेवटचं बघितलं तेवढंच सांगतो.

त्याच दिवशी कॉलेज सुटल्यावर मी रस्त्यावर आलो तर ते दोघं जीपची वाट बघत उभे होते. एवढा वेळ काय करत होते कोण जाणे. मी दहा पावलं लांब उभा राहिलो, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. जीप जव्हारकडून आली ती भरूनच. पुढच्या सीटवर एक म्हातारी, तिची सून आणि सुनेच्या मांडीवर पोर. चेपून बसलं तर एका माणसाची जागा होती. मुलगी जाऊन बसली असती. बाप मागे लटकला असता. ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि इंजिन चालू ठेवून थांबला.

बाप माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुमी बसा. आमी दोघा जातो चालत. दोघा हाव तर वाट सरते."

नाही म्हणायला फार काही लागत नाही. मी नंतर येतो, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. घरी जायची मला घाई नव्हती, पुढची जीप तासाभरात येणार होती आणि उद्यापासून परत काढायला मोटारसायकल तर घरी प्लास्टिकखाली धडधाकट उभी होती. पण ड्रायव्हर थांबला होता, मागची माणसं बघत होती, आणि सीट सोडून दिल्यावर साहेबानं बसायचं असतं. मी बसलो. सुनेनं पोराला आवळून घेतलं आणि ती अजून आत सरकली.

ते दोघं आमच्या आधीच चालायला लागले होते. पहिल्या वळणाच्या पुढे जीपनं त्यांना गाठलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ते रस्ता सोडून गवतात उतरले आणि जीप जायची वाट बघत उभे राहिले. मी खिडकीच्या बाजूला होतो, हातभर अंतरावरून गेलो. बापानं हात जोडले.

मुलीनं जोडले नाहीत. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मी ड्रायव्हरला हवापाण्याचं विचारलं.